घसरावें आणि घसरूं नये

डोंगर चढावयाचा तर पाय घसरतां कामा नये, आणि हिमाच्या उतारावरून वेगानें खालीं यावयाचें तर पाय घसरलाच पाहिजे. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदीं उलट. तरीहि हिवाळ्यांत आल्प्स पर्वतांत हिंडणारा प्रवासी हीं दोन्ही कामें एकाच लांब पट्टीकडून करवून घेतो. सकाळीं चार-पांच तास ती पट्टी त्याला चढणीवर धरून ठेवते, आणि माथ्यावरून निघाल्यावर तीच पट्टी त्याला तासाभरांत दरींत आणून सोडते. पट्टीच्या तळांत जिरविलेलें मेण तिला घसरवितें. चढणीच्या वेळीं त्याच तळावर चिकटविलेलें कातडें तिला मागें सरकूं देत नाहीं. ह्या मेणाची आणि कातड्याची निगा कशी राखावी, आणि ती न राखल्यास काय ओढवतें, हा प्रस्तुत विषय आहे.

स्की हा शब्द स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेंतून आलेला असून ‘चिरून काढलेलें लाकूड’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. काश्मीरची सहल केलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांना गुलमर्गच्या कुरणावर भाड्यानें मिळणाऱ्या स्कींची ओळख असते. तेथें चढण्याचें काम तारेवरून जाणारे पाळणे करतात. ते माणसाला अफरवट शिखराच्या अंगावर सुमारें ३,९८० मीटर उंचीपर्यंत नेऊन सोडतात. परंतु पाळणा नाहीं, निशाणें लावून आंखलेली वाट नाहीं, अशा रानडोंगरांत आपल्याच पायांनीं चढून जाणें आणि आपल्याच हिमतीवर उतरणें, हा स्कीचा मूळचा प्रकार होय. युरोपांत त्याची परंपरा मोठी आहे. फ्रान्समधील शामोनी आणि स्वित्झर्लंडमधील झरमॅट ह्या दोन गांवांना हिमनद्यांवरून जोडणारा मार्ग १९११ सालीं स्कीवरून पार करण्यांत आला, आणि आजहि दर वसंतांत अनेक प्रवासी डोंगरांतील निवाऱ्यांत मुक्काम करीत तो आठवडाभरांत पुरा करतात. चढउताराच्या शर्यतींना २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत स्थान देण्याचें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०२१ सालीं ठरविलें. शर्यत असो वा भ्रमंती असो, पायांखालच्या पट्टीचा प्रश्न दोहोंकडे एकच असतो.

हा प्रश्न फार जुना आहे. स्वीडनमध्यें काल्व्हट्रेस्क येथें १९२४ सालीं दलदलींत सांपडलेली स्की सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींची ठरली आहे. हिमप्रदेशांत शिकार करून पोट भरणाऱ्या माणसाला टेकडी चढणें आणि उतरणें दोन्ही भाग होतें. त्यानें ज्या प्राण्याची शिकार केली त्याच्याच कातड्यांत त्याला ह्या अडचणीचें उत्तर सांपडलें. अल्ताई पर्वतांतील शिकारी आपल्या रुंद लाकडी स्कींच्या तळाला घोड्याचें केसाळ कातडें कायमचें बसवीत आले आहेत, आणि ही कला तेथें अद्याप जिवंत आहे. स्कँडिनेव्हियांत एके काळीं दोन पायांत दोन वेगळ्या स्की बांधीत: एक लांब, गुळगुळीत, घसरण्यासाठीं, दुसरी आंखूड, कातडें लावलेली, जमिनीला रेटा देण्यासाठीं. जणुं एका पायाला जाण्याचें काम आणि दुसऱ्याला थांबण्याचें काम वांटून दिलेलें! पुढें आल्प्समधील प्रवाशांनीं सील नांवाच्या समुद्रांतील प्राण्याचें कातडें चढणीपुरतें पट्ट्यांनीं बांधावयाचें आणि माथ्यावर सोडून ठेवावयाचें, ही सोईची रीत उचलली. आजचीं कातडीं सीलचीं नसतात. तरी फ्रेंच भाषेंत त्यांना अजून ‘सीलचें कातडें’ असेंच म्हणतात.

मेणाचा इतिहासहि असाच गमतीचा आहे. योहानेस शेफर ह्या पंडितानें लॅपलंडच्या लोकांवर १६७३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत स्कीच्या तळाला पाईन वृक्षाचें डांबर व राळ लावण्याचा उल्लेख येतो. लाकूड पाणी पिऊन फुगूं नये आणि त्यावर हिम चिकटूं नये, हा त्यांतला दुहेरी हेतु. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणींत काम करणारे लोक हिवाळ्यांत लांबलचक स्कींवरून शर्यती लावीत. देवमाशाच्या डोक्यांतून निघणारें मेण, पाईनची राळ, कापूर असले पदार्थ शिजवून ते आपापलें वंगण तयार करीत, आणि त्याची कृति वैद्याच्या गुप्त मात्रेप्रमाणें लपवून ठेवीत. १९१३ च्या सुमारास नॉर्वेच्या पेटर ऑस्टबी ह्यानें ओल्या व पुन्हां गोठलेल्या हिमासाठीं एक चिकट मिश्रण तयार केलें. १९४६ सालीं स्वीडनमध्यें स्विक्स नांवाचें मेण निघालें आणि हिमाच्या तपमानाप्रमाणें मेणाला रंग देण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हांपासून अनुभवी म्हाताऱ्याच्या नाकाला आणि अंगठ्याला जें कळे, तें डबीवरील रंग पाहून नवशिक्यालाहि कळूं लागलें.

आतां मूळ प्रश्न असा कीं, स्की घसरते तरी कां? पुष्कळ काळ असें सांगितलें जाई कीं, माणसाच्या भारानें हिम दाबलें जातें, दाबानें तें वितळतें आणि त्या पाण्यावरून फळी सरकते. साधा हिशेब मांडला तर हें उत्तर टिकत नाहीं. सामानासकट ७५ किलो वजनाचा माणूस दोन स्कींवर उभा असतो, आणि त्या दोहोंचा तळ मिळून सुमारें ३,००० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर अवघा २५ ग्रॅम भार! वातावरणाच्या दाबाचा हा चाळिसावा हिस्सा झाला. संपूर्ण एका वातावरणाइतका दाब वाढला तरी बर्फ वितळण्याचा बिंदु अंशाच्या शंभराव्या भागाइतकाहि खालीं येत नाहीं. तेव्हां शून्याखालीं दहा अंश थंडींत नुसत्या भारानें हिम वितळेल, ही गोष्ट शक्य नाहीं.

खरें कारण घर्षणांत आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ बोडन व ह्यूझ ह्यांनीं स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊयोख येथील उंचावरच्या संशोधन-केंद्रांत ह्या विषयावर प्रयोग केले आणि त्यांचें फळ १९३९ सालीं प्रसिद्ध केलें. थंडीच्या दिवसांत तळहात एकमेकांवर चोळले म्हणजे ऊब येते. त्याप्रमाणें फळी आणि हिमाचे कण ह्यांच्या घासण्यानें उष्णता उत्पन्न होते, आणि जेथें जेथें कण तळाला टेकलेले असतात तेथें पाण्याचा अत्यंत पातळ थर सुटतो. ह्या थरावरून स्की तरंगत गेल्यासारखी जाते. हा थर बेताचाच असला पाहिजे. कडाक्याच्या थंडींत तो पुरेसा सुटत नाहीं, आणि हिमाचे टोंकदार कण वाळूसारखे तळाला ओरखडतात. उलट वसंतांतील ओल्या हिमांत पाणी नको तितकें होतें, आणि ओल्या ओट्यावर ठेवलेलें ताट उचलतांना जसें चिकटून बसतें तशी स्की जमिनीला धरून बसते.

मेणाची निवड ह्यावरूनच ठरते. अतिथंड हिमाचे कण कठीण व अणकुचीदार असतात. मऊ मेणांत ते सुरी लोण्यांत शिरावी तसे शिरतात आणि गति मारून टाकतात. म्हणून थंडीला कठीण मेण. शून्य अंशाजवळच्या हिमाचे कण गोलसर व ओले असतात. त्यांना पाणी झटकून टाकणारें मऊ मेण मानवतें. सामान्यतः हिरवा रंग सर्वांत थंड हिमाचा, त्यानंतर निळा, जांभळा, तांबडा, आणि पिवळा रंग ओल्या हिमाचा समजतात. येथें एक चूक वारंवार होते. तपमान पाहावयाचें तें हिमाचें, हवेचें नव्हे. दुपारीं हवा पांच अंशांवर गेली तरी हिम शून्याच्या वर जाऊं शकत नाहीं, आणि निरभ्र रात्रींनंतर सकाळीं हिम हवेपेक्षांहि थंड असूं शकतें. डोंगरांत दिवसभर हिंडणाऱ्याच्या पायांखालीं पहाटेची सावली आणि दुपारचें ऊन दोन्ही येतात. म्हणून शर्यतीच्या खेळाडूसारखी बारीक निवड न करतां तो मधल्या प्रतीचें आणि किंचित् कठीणाकडे झुकणारें मेण पसंत करतो. कठीण मेण टिकाऊ असतें, आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें कातड्याच्या प्रकृतीलाहि तें बरें.

पूर्वीच्या स्की अ‍ॅश किंवा हिकरी लाकडाच्या असत. १९५० च्या दशकापासून त्यांच्या तळाला पॉलिएथिलीनचा थर येऊं लागला, आणि आज चांगल्या स्कीचा तळ ह्या पदार्थाची भुकटी उष्णतेनें व दाबानें एकजीव करून बनवितात. असा तळ दिसावयास गुळगुळीत असला तरी त्याच्या अंतर्भागांत ऊन मेणाला वाव मिळतो. मेण नुसतें वर फांसावयाचें नसतें, तें आंत मुरवावयाचें असतें. नवा बिडाचा तवा तेल पाजल्याशिवाय घावन सोडीत नाहीं, हें ज्या घरांत माहीत आहे त्या घरांत ह्याहून अधिक फोड करण्याची गरज नाहीं. तळ तहानलेला आहे हें ओळखण्याची खूण सोपी आहे: पोलादी कडांच्या लगत तो पांढुरका व रखरखीत दिसूं लागतो.

मेण देण्याची कृति अशी. स्की उलटी करून टेबलावर पक्की बसवावी. ती ओली असेल तर पुसून खोलीच्या उबेस येऊं द्यावी, कारण थंड फळींत मेण शिरत नाहीं. प्रथम पितळी तारांचा ब्रश पुढच्या टोंकाकडून शेपटाकडे फिरवून जुनें मेण व मळ सोडवावा. मळ फार असेल तर मऊ मेण वितळवून लावावें आणि तें कोमट असतांनाच खरवडून काढावें. काळपट घाण त्याबरोबर निघून येते. मग इस्तरीला मेणाची वडी टेकवून त्याचे थेंब तळाच्या लांबीभर पाडावे आणि इस्तरी टोंकाकडून शेपटाकडे सावकाश न्यावी. हात क्षणभरहि एका जागीं थांबतां कामा नये. मेणाच्या वेष्टनावर इस्तरीचें तपमान छापलेलें असतें. तें बहुधा ११० ते १५० अंशांच्या दरम्यान असतें, आणि तळाचा पदार्थ स्वतः १३५ अंशांच्या आसपास वितळूं लागतो. म्हणजे इस्तरी आणि तळ ह्यांच्यामध्यें मेणाचा ओला थर व हाताची गति एवढेंच संरक्षण आहे. इस्तरीमागें बोटभर लांबीचा ओला पट्टा दिसत राहावा; तो हातभर लांब राहिला तर उष्णता जास्त झाली, आणि धूर निघाला तर फारच जास्त झाली. जळालेला तळ पुन्हां मेण पीत नाहीं. घरांतील कपड्यांची इस्तरी ह्या कामाला घेऊं नये हें उत्तम. आणि घेतलीच तर त्यानंतर ती रेशमी साडीच्या जवळ फिरकूं देऊं नये.

मेण दिल्यावर घाई करूं नये. स्की खोलींतच निदान अर्धा तास, आणि सवड असेल तर रात्रभर, निवूं द्यावी. नंतर प्लास्टिकच्या धारदार पट्टीनें वरचें सारें मेण खरवडून काढावें, आणि नायलॉनचा किंवा घोड्याच्या केसांचा ब्रश घोटून फिरवावा. नवख्या माणसाला येथें हळहळ वाटते. एवढ्या कष्टानें लावलेलें मेण काढावयाचें कशाला? पण उपयोगाचें मेण आंत शिरलेलें असतें. वर उरलेला थर गति देत नाहीं. तो हिमाला चिकटून गति अडवितो. शिवाय त्यापासून एक मोठा अपाय संभवतो, आणि तो समजण्यासाठीं कातड्याकडे वळलें पाहिजे.

शेतांतून चालतांना धोतराला लागलेलें कुसळ ज्यानें काढलें असेल त्याला चढणीच्या कातड्याचें तत्त्व सांगावें लागत नाहीं. कुसळ एका दिशेनें सहज आंत सरकतें. मागें ओढलें कीं अडतें. कातड्याचे आंखूड, दाट केस सारे शेपटाकडे झुकलेले असतात. पाऊल पुढें सरकवितांना ते निजतात आणि स्की हिमावरून पुढें जाते. भार पडून ती मागें येऊं लागली कीं ते उभे राहून हिमांत रुततात. त्यामुळें चढणारा माणूस पाय उचलीत नाहीं, तो पुढें सरकवितो. स्कीच्या बंधनांत टांच मोकळी सुटण्याची सोय असते, म्हणून हें शक्य होतें. हे केस आज बहुधा मोहेअरचे, म्हणजे अंगोरा जातीच्या बकरीच्या लोकरीचे, किंवा नायलॉनचे असतात. मोहेअर पुढें चांगलें सरकतें, नायलॉन चढणीला अधिक घट्ट धरतें व अधिक दिवस टिकतें; दोहोंचें मिश्रण करून बहुतेक प्रवासी मधला मार्ग स्वीकारतात. कातडें कापतांना दोन्ही बाजूंच्या पोलादी कडा उघड्या राहतील इतपतच रुंद ठेवतात. कठीण बर्फाच्या आडव्या उतारावर केसांचा कांहीं उपयोग होत नाहीं. तेथें ह्या कडाच माणसाला सांवरून धरतात.

कातड्याच्या दुसऱ्या बाजूस चिकट लेप असतो, आणि साऱ्या व्यवस्थेंतलें सर्वांत नाजूक अंग तेंच. पुढच्या टोंकाला आंकडा व मागें खिटी असली तरी तीं केवळ मदतीला असतात. दीड-पावणेदोन मीटर लांबीचें कातडें फळीला धरून ठेवतो तो हा लेप. तो स्कीला घट्ट चिकटला पाहिजे, आणि माथ्यावर झटक्यासरशीं सुटलाहि पाहिजे. सुटतांना तळावर डाग राहतां कामा नये. एवढ्या अटी पाळणारा पदार्थ हळवा असणारच. धूळ, पाईनच्या सुया, कुत्र्याचे केस, सतरंजीचें सूत ह्यांतलें जें भेटेल तें तो उचलतो. ओलावा लागला कीं तो धरीत नाहीं. फार थंडी झाली कीं तो ताठरतो. आणि स्कीच्या तळावर न खरवडलेलें मेण असलें तर तें लेपांत मिसळून त्याची पकड कायमची बिघडवितें. घसरविणाऱ्या मेणाचें आणि धरणाऱ्या कातड्याचें वैर तें हेंच. दोघांनीं एका तळावर नांदावयाचें असेल तर मेणानें आपली मर्यादा ओळखून आंत राहिलें पाहिजे.

ही निगा म्हणजे छांदिष्टाची टापटीप आहे असें कोणास वाटेल. परंतु आल्प्समधील वसंताच्या एका दिवसाचा हिशेब पाहावा. निवाऱ्यापासून माथा १,२०० मीटर उंच आहे, आणि मंडळी तासाला ३०० मीटर ह्या बेतानें चढत आहेत. पहाटे पांचला निघालेली मंडळी नऊला माथ्यावर येतात. रात्रींच्या थंडीनें गोठलेलें हिम तोंवर भक्कम असतें, आणि वरचा थर जरासा मऊ होतांच तीं उतरून सुरक्षित जागीं पोंचतात. आतां वाटेंत एकाचें कातडें सुटलें असें समजावें. स्कीशिवाय पाऊल टाकावें तर हिमांत मांडीपर्यंत पाय रुततो. थांबून कातडें पुसावें, ऊब द्यावी, पुन्हां चिकटवावें तर पंधरा-वीस मिनिटें जातात, आणि पुन्हां शंभर पावलांवर तें सुटतें. असा दीड-दोन तासांचा उशीर सहज होतो. मध्यंतरीं सूर्य वर चढतो, प्रथम पूर्वेकडील आणि मग दक्षिणेकडील उतारांवरचें हिम पाण्यानें जड होऊन त्याची पकड सुटूं लागते, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांचे जे उतार पहाटे निर्धोक होते त्यांवरून भर दुपारीं हिमप्रपात कोसळूं शकतात. चिकट लेपावर चार दिवसांपूर्वीं बसलेली धूळ आणि डोंगरावरून सुटणारें शेंकडों टन हिम ह्यांच्यामध्यें अंतर असतें तें एवढेंच. शिवाय अशा प्रवासांत मंडळी बहुधा एकत्र चालतात. एकाच्या आळसाचें मोल सर्वांना द्यावें लागतें.

म्हणून जाणते प्रवासी वाटेंतले नियम कसोशीनें पाळतात. माथ्यावर वाऱ्यांत कातडें काढतांना तें हिमावर टाकीत नाहींत. अर्धें सोडवून लेपावर लेप येईल असें दुमडतात, मग उरलेलें अर्धें. पुन्हां चढण असेल तर घडी पिशवींत न ठेवतां कोटाच्या आंत, छातीशीं ठेवतात. शरीराच्या उबेनें ती वाळते आणि लेप नरम राहतो. चिकटविण्यापूर्वीं स्कीचा तळ बाहीनें किंवा फडक्यानें कोरडा पुसतात. त्यावर गोठलेला बर्फ असेल तर खरवडून काढतात. एवढें करूनहि लेपानें दगा दिलाच तर रबरी पट्टे स्कीभोंवतीं आवळून कातडें बांधून घ्यावें लागतें. असे दोन-चार पट्टे जवळ नसलेला माणूस छत्री न घेतां आषाढांत कोंकणांत निघालेल्या माणसासारखा समजावा.

दुसरें संकट केसांच्या बाजूनें येतें. उन्हांतील ओल्या हिमावरून चालतांना केस भिजतात, आणि तीच वाट पुढें सावलींतील कोरड्या, थंड हिमांत शिरली कीं भिजलेल्या केसांवर हिमकण गोठून बसतात. पाहतां पाहतां पायांखालीं विटेएवढा गठ्ठा जमतो, मग पाटाएवढा. स्की पुढें सरकत नाहीं, प्रत्येक पावलाला तें ओझें उचलावें लागतें, आणि धडधाकट माणूस अर्ध्या तासांत थकून जातो. ह्यावर उपाय आधींचाच चांगला: कोरड्या कातड्यावर केसांच्या दिशेनें खास मेणाची वडी घासून ठेवावी. केसांच्या उलट दिशेनें ती कधींहि घासूं नये. ती विसरली असेल तर साध्या मेणबत्तीचा तुकडाहि वेळ निभावून नेतो. गठ्ठा जमलाच तर एका स्कीच्या पोलादी कडेवर दुसरीचें कातडें घासून तो काढतां येतो. मेण आणि कातडें ह्यांचें वैर वर सांगितलें, तें लेपाच्या बाजूचें. केसांच्या बाजूस मात्र तेंच मेण कातड्याचें मित्र होतें.

निवाऱ्यांत पोंचल्यावर एक मोह टाळावा लागतो. तेथें शेगडी धगधगत असते, आणि ओलें कातडें तिच्याजवळ टांगावें असें कोणालाहि वाटतें. परंतु जास्त उष्णतेनें लेप पातळ होऊन कापडांत उतरतो किंवा केसांच्या बाजूस पाझरतो, आणि सकाळीं तें कातडें निकामी झालेलें आढळतें. तें खोलीच्या साध्या उबेंत, शेगडीपासून दूर, सावलींत वाळवावें. लेप जुना होऊन गांठी धरूं लागला म्हणजे त्यावर कागद ठेवून इस्तरी फिरवितात. जुना लेप कागदाला लागून निघून येतो, आणि नवा चढवितां येतो. चार पैसे वांचविण्याची ही युक्ति असली तरी ती मोहिमेच्या आदल्या रात्रीं करूं नये. नव्या लेपाची परीक्षा प्रथम घराजवळच्या टेकडीवर व्हावी.

ह्या विषयाला अलीकडे एक गंभीर बाजू प्राप्त झाली आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मेणामध्यें फ्लोरिनयुक्त संयुगें मिसळण्याची प्रथा पडली. पाणी आणि मळ दोन्ही दूर लोटण्याचा त्यांचा गुण विलक्षण होता, आणि ओल्या हिमावर शर्यती त्यांच्या बळावर जिंकल्या जात. पण हीं संयुगें निसर्गांत मोडत नाहींत. हिम वितळलें कीं तीं माती व पाणी ह्यांत उतरतात आणि सजीवांच्या शरीरांत सांठतात. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या स्वीडन व नॉर्वे येथील संशोधनांत, बंद खोल्यांतून शर्यतींसाठीं हें मेण तापवून लावणाऱ्या कारागिरांच्या रक्तांत अशा द्रव्यांचें प्रमाण सामान्य माणसांपेक्षां कितीतरी अधिक आढळलें. आंतरराष्ट्रीय स्की संघानें २०१९ सालीं बंदीचा निर्णय घेतला, आणि २०२३–२४ च्या हंगामापासून तो पूर्णपणें अमलांत आला. जुन्या पेटींत अशा मेणाची वडी पडून असेल तर ती वापरूं नये आणि केरांतहि टाकूं नये; घातक रसायनांसाठीं जी वेगळी व्यवस्था असते तिच्या हवालीं करावी. साधें पॅराफिनचें मेण लावतांनाहि खिडक्या उघड्या ठेवणें शहाणपणाचें आहे. डोंगरांतील ज्या हिमावरून प्रवासी घसरतो त्याचेंच पाणी खालच्या गांवांच्या विहिरींत व नद्यांत जातें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

हंगाम संपल्यावरची निगा थोडक्यांत सांगतां येते. कडांवर गंज चढला असेल तर धार लावण्याच्या दगडानें तो काढावा, दगडाला घासून उठलेले चरे सपाट करावे आणि कडा कोरड्या पुसाव्या. मग तळावर व कडांवर मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडतां तसाच राहूं द्यावा. हवा व ओल ह्यांपासून तो उन्हाळाभर रक्षण करतो. थंडी पडल्यावर तो काढला कीं स्की तयार! कातडीं पूर्ण वाळवून, दोन लेपांमध्यें जाळीचें कापड घालून, पिशवींत गार व अंधाऱ्या जागीं ठेवावीं. जाळी न घालतां महिनोन्‌महिने ठेवलेले लेप एकमेकांना असे चिकटतात कीं, ओढतांना एकाचा लेप दुसऱ्यावर निघून येतो. माळ्यावरची पत्र्याखालची उष्ण जागा आणि मोटारीची मागची पेटी ह्या दोन्ही जागा वर्ज्य समजाव्या.

ह्या सर्व खटाटोपाला हिशेबानें पाहिलें तर वेळ फारसा लागत नाहीं. दोन-चार दिवसांच्या भ्रमंतीमागें एक संध्याकाळ, आणि रोज मुक्कामावर पंधरा मिनिटें. आल्प्समधील निवाऱ्यांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर मंडळी बांकांवर बसून कातड्यांवरची एकेक काडी वेंचीत असतात, घड्या सारख्या करीत असतात, आणि उद्यांच्या चढणीच्या गोष्टी बोलत असतात. बाहेर काळोखांत हिम गोठत असतें. पहाटे दिवा घेऊन दार उघडलें जाईल, बोटांना थंडी झोंबेल, आणि त्या वेळीं कातडें एका दाबासरशीं स्कीच्या तळाला बसलें, म्हणजे आदल्या रात्रींचीं तीं पंधरा मिनिटें सार्थकीं लागलीं असें समजावें.